पार्टिशन तीनच, बाकी सगळे सबव्हॉल्यूम: लिनक्स टाकताना डिस्कची मांडणी

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी दर रविवारी कुणी ना कुणी पिशवीत लॅपटॉप घालून येतं. "चांगला चाललाय, पण विंडोज ११ घेत नाही म्हणतोय. लिनक्स टाकून दे की." टाकून देतो. पण आता एक अट घातली आहे: शेजारी बसायचं आणि डिस्कचा पडदा आला की माउस स्वतःच्या हातात घ्यायचा. बाकीचं इन्स्टॉलेशन म्हणजे नेक्स्ट-नेक्स्ट. माणूस अडतो तो तिथंच, आणि तिथं चुकलेलं नंतर दुरुस्त करायला पूर्ण दिवस जातो.

हा लेख त्या एका पडद्याबद्दल आहे. लिनक्स मिंट समोर ठेवून लिहितोय, कारण नवख्याला मी तेच देतो. फेडोरा आणि ओपनसुसे या लिनक्सच्या दुसऱ्या दोन प्रकारांबद्दल शेवटाकडं थोडं आहे.

आधी एक खुलासा. आज्ञा आणि फोल्डरांची नावं उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करायची.

सबव्हॉल्यूम म्हणजे काय

तासगावच्या बाजूला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आतून पाहिलंय का? एक मोठी थंड खोली. तिच्यात पन्नास जणांचा माल, पण मधे भिंती नाहीत. प्रत्येकाच्या बॉक्सच्या थप्पीवर त्याची चिठ्ठी, त्याचा लॉट नंबर. यंदा एकाचा माल जास्त आला तर त्याची थप्पी पसरते, दुसऱ्याचा सौद्यात गेला की तेवढी जागा मोकळी होते. भिंती घालून खोल्या पाडल्या असत्या तर एकाची खोली ओसंडून वाहिली असती आणि शेजारची रिकामी राहिली असती.

पार्टिशन म्हणजे त्या भिंती. सबव्हॉल्यूम म्हणजे लॉट.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी सिस्टीमला २५ जीबीचं पार्टिशन दिलं होतं आणि उरलेलं सगळं होमला, म्हणजे माझ्या फाइलींच्या फोल्डरला. वर्षभरात सिस्टीमची खोली भरली, अपडेट अडकायला लागले, आणि भिंतीपलीकडं दीडशे जीबी ओस पडलेले. सबव्हॉल्यूममध्ये हा प्रश्नच येत नाही. सगळ्यांची जागा सामाईक.

ही सोय बीटीआरएफएस नावाच्या फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत) आहे. काही जण तिला बटर एफएस म्हणतात, म्हणू देत. ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ओरॅकलमध्ये असताना तिचं काम सुरू केलं आणि २००९ मध्ये ती लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.२९ या आवृत्तीत आली. म्हणजे "नवीन आहे, विश्वास कसा ठेवायचा" असं म्हणण्याचे दिवस गेले. फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्त्या २०२० च्या फेडोरा ३३ पासून मुळातच हीच फाइल सिस्टीम वापरतात.

तिची दुसरी खुबी म्हणजे कॉपी ऑन राइट. मार्केट यार्डातल्या जुन्या दिवाणजीची वही आठवा. खाडाखोड नाही. आकडा बदलला तर नव्या पानावर नवीन नोंद आणि अनुक्रमणिकेत नवा पानक्रमांक. जुनं पान जागच्या जागी. बीटीआरएफएससुद्धा जुन्या मजकुरावर लिहीत नाही, नव्या जागी लिहून मग खूण फिरवते. त्यामुळं एखाद्या क्षणाची अनुक्रमणिका बाजूला काढून ठेवली की तो क्षण जपला गेला. यालाच स्नॅपशॉट म्हणतात. तो सेकंदात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागा खात नाही. जुनी पानं टाकायची नाहीत म्हटल्यावर पुढं मात्र खातो.

आणि आता मुद्द्याचं: स्नॅपशॉट एका सबव्हॉल्यूमचा निघतो. त्याच्या आत दुसरा सबव्हॉल्यूम असेल तर स्नॅपशॉटमध्ये त्या जागी नुसतं रिकामं फोल्डर दिसतं. म्हणजे कुठं रेघ मारायची हे ठरवताना प्रश्न एकच विचारायचा: सिस्टीम मागं नेली तर हेही मागं जायला हवं का?

एक फजिती

हा प्रश्न मी शिकलो तो मामांच्या अडतीच्या दुकानात. त्यांच्या बिलाच्या प्रोग्रॅमसाठी मी मशिन मांडून दिलं होतं. होम वेगळा सबव्हॉल्यूम होता, मी निर्धास्त. एका अपडेटनंतर स्क्रीन काळी यायला लागली. मी गेलो, टाइमशिफ्ट हा स्नॅपशॉट सांभाळणारा प्रोग्रॅम उघडला, पाच दिवसांपूर्वीच्या स्नॅपशॉटवर मशिन नेलं. दहा मिनिटांत चालू. मामी चहा ठेवायला गेल्या.

चहा यायच्या आत मामांचा आवाज आला, "अरे, सोमवारपासूनचे सौदे कुठं गेले?"

बिलाचा प्रोग्रॅम आपला डेटाबेस होममध्ये ठेवतच नव्हता. तो /व्हार/लिबच्या आत होता, म्हणजे सिस्टीमच्याच सबव्हॉल्यूममध्ये. सिस्टीम पाच दिवस मागं गेली तशी हळदीची बिलंही गेली. नशीब, टाइमशिफ्ट मागं नेण्याआधीची स्थिती वेगळा स्नॅपशॉट म्हणून ठेवतं. डेटाबेस बंद करून तिथून फोल्डर उचललं आणि सगळे सौदे परत आले. पण तो चहा मला गोड लागला नाही.

बसण्याआधी

डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. घेतलाय म्हणू नका, ती डिस्क दुसऱ्या मशिनला लावून दोन-चार फोटो उघडून बघा.

विंडोज ठेवायचं असेल तर विंडोजमध्ये जाऊनच, तिथल्या डिस्क मॅनेजमेंटमधून, त्याचं पार्टिशन आकसून घ्या. फास्ट स्टार्टअप बंद करा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका.

चार्जर लावा. वळवाच्या दिवसांत आपल्याकडं दुपारी चारनंतर लाइटचा भरवसा नसतो आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे देवाचं नाव.

पडद्यावर: फक्त तीन पार्टिशन

मिंटचा पेनड्राइव्ह लावून मशिन यूईएफआय पद्धतीनं सुरू करा आणि इन्स्टॉलर चालवा. डिस्क पुसून टाका, शेजारी टाका, असे पर्याय येतील. त्यातला सगळ्यात खालचा, "समथिंग एल्स", निवडा. आपोआपचा मार्ग घेतला तर नेहमीची ईएक्सटी४ फाइल सिस्टीम मिळते, सबव्हॉल्यूम मिळत नाहीत.

समजा डिस्क २५६ जीबीची एसएसडी आहे आणि विंडोजला निरोप द्यायचा आहे. न्यू पार्टिशन टेबल दाबलं की सगळं पुसायची तयारी होते, म्हणून डिस्कचं नाव आणि आकार दोनदा बघा. पेनड्राइव्हही याच यादीत दिसतो. मग मोकळ्या जागेवर अधिकचं चिन्ह दाबून एकेक करा.

पहिलं ५१२ एमबीचं. प्रकार: ईएफआय सिस्टीम पार्टिशन. हे वेगळं लागतंच, कारण मशिनच्या फर्मवेअरला (चिपमधल्या, मशिन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) बीटीआरएफएस वाचता येत नाही, त्याला फॅट लागते. विंडोज ठेवलं असेल तर हे पार्टिशन आधीपासून असतं. तेच वापरा, फॉरमॅट करू नका.

दुसरं ४ जीबीचं, स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा. बीटीआरएफएसवर स्वॅप फाइलही ठेवता येते, कर्नल ५.० पासून ती सोय आहे. पण तिला कॉपी ऑन राइट चालत नाही, आणि ती वापरात असेपर्यंत ती ज्या सबव्हॉल्यूममध्ये आहे त्याचा स्नॅपशॉट निघत नाही. एवढा व्याप कशाला? छोटं पार्टिशन द्या आणि विसरा. हायबरनेट हवं असेल तर मात्र रॅमइतकं किंवा थोडं जास्त द्या.

तिसरं, उरलेलं सगळं. यूज अॅजमध्ये बीटीआरएफएस निवडा आणि माउंट पॉइंट (हे कुठं बसवायचं ती जागा) म्हणून नुसती तिरपी रेघ, /.

झालं. इथं हात शिवशिवतो, होमसाठी चौथं पार्टिशन करावंसं वाटतं. करू नका. मिंटचा इन्स्टॉलर बीटीआरएफएस दिसली की आपणहून दोन सबव्हॉल्यूम बनवतो: @ हा सिस्टीमचा आणि @होम हा तुमच्या फाइलींचा. पडद्यावर त्यांचं नावही दिसत नाही, म्हणून लोक घाबरून मागं जातात. दिसत नाहीत, पण होतात. आणि ही नावं बदलायची नाहीत, कारण टाइमशिफ्टला बीटीआरएफएस पद्धतीत नेमकी हीच दोन नावं लागतात.

बूटसाठीही वेगळं पार्टिशन नको. ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूट लोडर, बीटीआरएफएस वाचतो. बूट वेगळं ठेवलं की एक चमत्कारिक घोटाळा होतो: सिस्टीम मागं जाते, तिच्याबरोबर जुने कर्नल मॉड्यूल येतात, पण बूटमधला कर्नल नवाच राहतो. दोघांचं जुळत नाही आणि मशिन अर्ध्यात थांबतं. सगळं @ मध्ये असेल तर सगळं एकत्र मागं जातं.

खाली बूट लोडर कुठं टाकायचा ते विचारतात, तिथं हीच डिस्क आहे ना बघा, आणि इन्स्टॉल दाबा.

संपल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका

इन्स्टॉलर रीस्टार्ट करू का विचारेल. "कंटिन्यू टेस्टिंग" म्हणा. पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्येच टर्मिनल उघडा. आपण पोटात जाऊन बघणार आहोत.

सगळ्या सबव्हॉल्यूमांच्या वर एक मूळ पातळी असते, तिचा क्रमांक नेहमी ५. एरवी ती दिसत नाही, मागून घ्यावी लागते:

सुडो माउंट -ओ सबव्हॉलआयडी=५ /डेव्ह/एसडीए३ /एमएनटी

तुमच्या डिस्कचं नाव वेगळं असू शकतं, आधी एलएसबीएलके ही आज्ञा देऊन बघा. आता एलएस /एमएनटी म्हटलं की दोन नावं दिसली पाहिजेत, @ आणि @होम. ती दिसली की समजायचं, गाडी रुळावर आहे. न दिसल्यास फाइल सिस्टीम निवडताना चूक झाली. आत्ताच पुन्हा टाका, अजून काहीच गमावलेलं नाही.

आता आपले लॉट. मी दोन वाढवतो. एक लॉगसाठी. मशिन का बिघडलं ते लॉगमध्येच लिहिलेलं असतं, आणि सिस्टीम मागं नेल्यावर तेच हातातून गेलं तर कारण कळणार कसं? दुसरा, ज्यांच्याकडं बिलाचा किंवा दवाखान्याचा प्रोग्रॅम आहे त्यांच्या डेटाबेससाठी. घरच्या वापराला दुसरा लागत नाही.

सुडो बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम क्रिएट /एमएनटी/@लॉग

मग सिस्टीमच्या लॉगमध्ये आत्तापर्यंत जे आहे ते इकडं आणा. सीपी -ए वापरा, म्हणजे मालकी आणि परवानग्या तशाच राहतात:

सुडो सीपी -ए /एमएनटी/@/व्हार/लॉग/. /एमएनटी/@लॉग/

नंतर @ च्या आतल्या लॉग फोल्डरमधला मजकूर काढून टाका, फोल्डर ठेवा. नाहीतर वरून नवीन सबव्हॉल्यूम बसतो आणि जुना मजकूर खाली झाकून जागा अडवत राहतो.

बघा, @लॉग हा मी @ च्या शेजारी केला, आत नाही. आत केला असता तर एफएसटॅबमध्ये (काय कुठं बसवायचं त्याच्या यादीत) ओळ लिहायचं काम वाचलं असतं. पण सिस्टीम मागं नेताना जुना @ बाजूला सरतो आणि पोटातला सबव्हॉल्यूम त्याच्याच बरोबर जातो. नव्या @ मध्ये त्या जागी रिकामं फोल्डर. शेजारी-शेजारी मांडणी केली की ही कटकट नाही.

एफएसटॅबची एक ओळ

/एमएनटी/@/ईटीसी/एफएसटॅब ही फाइल सुडो नॅनोनं उघडा. तिच्यात बीटीआरएफएसच्या दोन ओळी दिसतील, एक / साठी, एक /होमसाठी. दोन्हींचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) सारखाच. नवखे इथं दचकतात, "काहीतरी दोनदा आलं" म्हणून एक ओळ काढून टाकतात. काढू नका! खोली एकच आहे, फक्त चिठ्ठी वेगळी. फरक शेवटच्या सबव्हॉल=@ आणि सबव्हॉल=@होम एवढाच.

/होमच्या ओळीची नक्कल खाली करा. माउंट पॉइंटच्या जागी /व्हार/लॉग लिहा आणि सबव्हॉल=@लॉग करा. शेवटचे दोन आकडे शून्य-शून्य.

त्याच ओळींत मी नोअॅटाइम घालतो, म्हणजे फाइल नुसती वाचली तरी वेळेची नोंद लिहीत बसत नाही. आणि कॉम्प्रेस=झेडएसटीडी:१, म्हणजे फाइली दाबून कमी जागेत ठेवणं. फेडोरानं २०२१ पासून हेच ठेवलंय, जुन्या प्रोसेसरलाही ते जड जात नाही. एक खाचखळगा असा की कॉम्प्रेशन एका सबव्हॉल्यूमपुरतं या ओळीतून देता येत नाही. जो पहिल्यांदा माउंट होतो त्याचाच पर्याय पूर्ण फाइल सिस्टीमला लागतो. म्हणून सगळ्या ओळींत सारखंच लिहा. आधी लिहून झालेल्या फाइली यानं दाबल्या जात नाहीत, पुढच्या जातात.

डेटाबेसचा सबव्हॉल्यूम करणार असाल तर तो रिकामा असतानाच त्यावर चॅटर +सी ही आज्ञा द्या (सी मोठा). डेटाबेस एकाच फाइलमध्ये सारखी छोटी-छोटी लिखाणं करतो, कॉपी ऑन राइटमुळं त्या फाइलीचे तुकडे होत जातात. +सीनं ते थांबतं, पण तेवढ्या फाइलींना चेकसम (मजकूर खराब झाला का ते तपासणारा आकडा) आणि कॉम्प्रेशन मिळत नाही. मग तो सबव्हॉल्यूम /व्हार/लिब/मायएसक्यूएलवर बसवा आणि त्यानंतरच डेटाबेस टाका.

"मग अख्खं /व्हारच वेगळं का नको?" हे मला प्रत्येक हुशार मुलगा विचारतो. मिंटमध्ये नको. कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीचं आहे याची नोंदवही /व्हार/लिब/डीपीकेजीमध्ये असते. सिस्टीम मागं गेली आणि नोंदवही पुढं राहिली तर गोदामात एक माल आणि वहीत दुसरा. ओपनसुसे आणि फेडोरानं याच कारणासाठी आपली नोंदवही /यूएसआरखाली हलवली. मिंटमध्ये ती आहे तिथंच आहे, म्हणून रेघ मारायची ती बारीक.

सेव्ह करा, /एमएनटी अनमाउंट करा, रीस्टार्ट.

स्नॅपशॉट सुरू करणं

टाइमशिफ्ट मिंटमध्ये असतंच. पहिल्यांदा उघडल्यावर आरसिंक (फाइलींच्या प्रती करणं) की बीटीआरएफएस विचारेल, बीटीआरएफएस निवडा. @होम सामील करू का विचारेल, तिथं टिक करू नका. कारण तुम्हाला आता माहीत आहे. रोजचे पाच पुरेत. आणि पहिला स्नॅपशॉट एफएसटॅब बदलून झाल्यावरच घ्या, नाहीतर मागं गेल्यावर एफएसटॅबही जुनी येते आणि तुमचा @लॉग डिस्कवर असून बसत नाही.

मशिन सुरूच होत नसेल तर मिंटचा पेनड्राइव्ह लावा, त्यातलं टाइमशिफ्ट उघडा, तिथूनही मागं नेता येतं. म्हणून तो पेनड्राइव्ह पुसून गाणी भरू नका.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे सांगलीकराला वेगळं समजावायला नको. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुराआधी ज्यांनी दुकानाच्या वह्या आणि वह्यांच्या झेरॉक्स एकाच तळमजल्यावरच्या कपाटात ठेवल्या होत्या, त्यांना विचारा. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. @होमची प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच, आणि ती डिस्क वरच्या मजल्यावर.

जागेचा हिशेबही इथं जरा वेगळा लागतो. दहा जीबीचा सिनेमा डाउनलोड करून सिस्टीमच्या फोल्डरात टाकला, स्नॅपशॉट झाला, मग सिनेमा पुसला, तरी जागा सुटत नाही. स्नॅपशॉटनं ते पान धरून ठेवलेलं असतं. खरी स्थिती सुडो बीटीआरएफएस फाइलसिस्टीम यूसेज / यानं बघा. डिस्कचा दहावा हिस्सा तरी मोकळा राहू द्या. काठोकाठ भरलेली बीटीआरएफएस पुसायलासुद्धा कुरकुरते, कारण पुसण्याची नोंद लिहायलाही नवं पान लागतं.

पुन्हा कधी मिंट टाकायची वेळ आली तर सावध. त्या पडद्यावर फॉरमॅटची टिक पार्टिशनला असते, सबव्हॉल्यूमला नाही. "सिस्टीमच तर फॉरमॅट करतोय, होम वेगळं आहे" म्हणत टिक केली की @, @होम, @लॉग आणि सगळे स्नॅपशॉट एका झटक्यात साफ. खोलीच पाडल्यावर लॉटची चिठ्ठी कुठं चिकटवणार?

फेडोरा, ओपनसुसे

फेडोरात आपोआपचा मार्ग घेतला तरी बीटीआरएफएसच मिळते. सबव्हॉल्यूमांची नावं तिथं रूट आणि होम अशी, @ शिवाय. त्यामुळं टाइमशिफ्टची बीटीआरएफएस पद्धत त्या मांडणीवर चालत नाही. बूट वेगळ्या ईएक्सटी४ पार्टिशनवर असतं, म्हणजे वर सांगितलेला कर्नलचा घोटाळा ध्यानात ठेवा. स्वॅप पार्टिशन लागत नाही, रॅममध्येच झेडरॅम (दाबून ठेवलेलं स्वॅप) असते.

ओपनसुसे सगळं करूनच देतं. /व्हार, ऑप्ट, एसआरव्ही, सगळ्यांचे वेगळे सबव्हॉल्यूम, स्नॅपर (स्नॅपशॉट सांभाळणारं तिथलं साधन) जोडलेलं, आणि जुन्या स्नॅपशॉटमधून थेट ग्रबमधून सुरू व्हायची सोय. हात न लावता नीट मांडणी हवी असेल तर तेच घ्या. मी मिंट देतो कारण बाकी सगळं लोकांना तिथं सोपं जातं.

त्याच दिवशी करून बघायचं

लॅपटॉप घरी न्यायच्या आधी मी एवढं करायला लावतो. टाइमशिफ्टमध्ये स्नॅपशॉट घ्या. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एखादा छोटा गेम टाका, साधं पॅकेज म्हणून, फ्लॅटपॅक नको. डेस्कटॉपवर एक फाइल करून त्यात स्वतःचं नाव लिहा. आता मघाच्या स्नॅपशॉटवर मशिन मागं न्या आणि रीस्टार्ट करा. गेम मेनूत नसला पाहिजे आणि फाइल डेस्कटॉपवर असली पाहिजे. परवा मिरजेहून आलेल्या काकूंनी फाइलमध्ये नावाऐवजी वाणसामानाची यादी लिहिली होती. रीस्टार्ट झाल्यावर ती उघडली, मोबाइलवर तिचा फोटो काढला, आणि जाता-जाता दुकानात गेल्या.